ओटीतले पैंजण

हौसाबाईंच्या पदरात नारळ पडला, खण पडला आणि तांदळांच्या मागोमाग चांदीचे पैंजण घसरत आले.

"तुमच्या वैजूला आमच्याकडून! कॉलेजचं नाव काढते पोरगी. जिंकली की बॅनरवर आमच्या साहेबांशेजारी फोटो," दूधसंघाच्या चेअरमनची बायको साखर पेरत म्हणाली.

पैंजण वाजले आणि हौसाबाईंना आपलं घर दिसेनासं झालं. धुक्यातलं मैदान दिसलं. त्यावरून लेक पळत होती, पाय जमिनीला लागत नव्हते आणि रुणझुण आभाळभर पसरली होती.

"आई!" दारातून वैजू पुटपुटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कॉलेजात खेळाच्या सरांनी बजावलं होतं, बाहेरच्या कुणाकडून भेटवस्तू घेतली की विद्यापीठाच्या शर्यतीतून नाव बाद. पण भरलेली ओटी परत करायची कशी?

हौसाबाई भानावर आल्या. "बसा हो बाई. सवाशीण माझ्या घरून रिकाम्या पदरानं गेली, तर गाव मला हसेल."

त्यांनी कुंकू लावलं. चेअरमनबाईंनी सवयीनं पदर पुढे केला. हौसाबाईंनी त्यात ओंजळभर तांदूळ घातले, परसातला पेरू ठेवला आणि वर तेच पैंजण.

"अहो, हे काय!"

"ओटीला नाही म्हणता येतं होय? येत असतं, तर आधी मीच म्हटलं असतं."

शर्यतीच्या सकाळी मैदानावर धुकं होतं. वैजूच्या पायांत जुनेच बूट होते. ती सुटली तशी हौसाबाईंनी डोळे मिटले, आणि रुणझुण ऐकू आली.