नखाजवळची पुळी

लेकीला तिच्या थोरल्या भावाच्या हाडांतला मगज चढवला, तेव्हापासून आई तिच्यासोबत दवाखान्याच्या काचेच्या खोलीत कोंडून घेऊन राहिली होती. लेकीच्या अंगात प्रतिकारशक्ती नावालाही उरली नव्हती. किरकोळ जंतूही जिवावर बेतला असता. आणि मगज रुजून नव्या पांढऱ्या पेशी तयार होऊ लागल्याची खूण रक्तात अजून दिसत नव्हती.

सकाळी लेकीच्या नखाजवळ पिवळ्या तोंडाची पुळी दिसली आणि आईने रडतच बेल दाबली.

"अगं आई, एवढीशी तर आहे. रडायला जरा मोठी तरी होऊ दे तिला!" लेक म्हणाली.

डॉक्टरीणबाई लगबगीने आल्या. बोट उजेडात धरून नुसत्या बघत राहिल्या.

"माझ्याच हातून काही लागलं असेल हो," आई म्हणाली. "बाई, गप्प का तुम्ही? हातची गेली का माझी पोर?"

"पू झालाय, आई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा पू होतो."

त्यांनी ते बोट अलगद आईच्या हातात दिलं.

"कालपर्यंत हिच्या अंगात लढून मरायलासुद्धा कुणी नव्हतं."