दोन ठोके

"माझं न्हाई ताई, दोस्ताचं हाय," तो म्हणाला, आणि संध्याने मान खाली घालून हसू लपवले.

समुपदेशन कक्षात येणारा प्रत्येक पुरुष दोस्तासाठीच येत असे. दोस्ताला झोप लागत नाही, दोस्ताचे हात थरथरतात. जालन्याच्या त्या सळई कारखान्यात संध्या जानेवारीत रुजू झाली होती. मनाने थकलेल्या कामगाराला मानवेल असा समुपदेशक शोधून देणे, हे तिचे काम. येणाऱ्याला नाव विचारायचे नाही, हा तिचा पहिला नियम. ज्याला दोस्ताच्या आडून बोलायचे आहे, त्याला बोलू द्यायचे.

"बसा ना."

"उभाच बरा हाय."

तो दाराशी, उन्हाच्या कडेला उभा होता. हातांत चामड्याचे मोजे. डावी भुवई जळून गेलेली. तिथे गुळगुळीत, चकाकती कातडी.

शिपाई द्वारकाबाई चहाचा एकच कप ठेवून निघून गेल्या. हापिसातल्या कपात कामगारांना चहा द्यायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा होता. संध्याने ओशाळून कप पुढे सरकवला. त्याने हातानेच नको म्हटले.

"दोस्ताचं नाव मिथुन. रोलिंगवर हाय. जेवत न्हाई, डबा भरलेला वापस नेतो. परवा भट्टीच्या कठड्याला टेकून आत बघत राह्यला. लई वेळ. आतून कोणी बोलवून राह्यलं, तसा."

संध्या सावरून बसली. दोस्त कल्पनेतला असेल. कठडा खरा होता.

"तुमच्या मनात येतं असं? संपवून टाकावं स्वतःला?"

"माझ्या?" तो किंचित हसला. "आता न्हाई येत."

त्या उत्तराने तिला धीर आला. "हे कधीपासून?"

"दिवाळीत ते झालं, तव्हापासून."

ते तिने ऐकले होते. रोलिंगवर, सळई लाटणाऱ्या रुळांच्या दोन बाजूंना दोन माणसे. एकाने लालभडक सळई सोडायची, दुसऱ्याने चिमट्यात धरायची. त्या गडगडाटात शब्द पोहोचत नाहीत. म्हणून धरणारा चिमट्याने पत्र्यावर दोन ठोके देतो. मी तयार आहे, सोड. दिवाळीच्या आदल्या दिवशी सळई उसळली आणि धरणारा गेला. त्याच्या श्रद्धांजलीचे बॅनर अजून गेटवर होते. उन्हाने ते इतके विटले होते की चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग उरला होता.

म्हणजे सळई सोडणारा हाच, संध्याने मनाशी म्हटले.

"त्याला वाटतं, ठोके पडायच्या आधीच त्यानं सोडली. आपणच मारलं."

"तुम्ही समजावलंत त्याला?"

"रोज सांगतो. ऐकू जात न्हाई त्याला."

"मशीनच्या आवाजात?"

त्याने हातांतले मोजे वर ओढले. बाहेर चिमणीचा धूर दुपारवर काळी रेघ ओढत होता.

तिने एकेक पर्याय मांडला. पुण्याचे डॉक्टर, मोबाईलवर बोलणारे. "मोबाईलवर रडता येतं का, ताई?" संभाजीनगरच्या प्रीती मॅडम. "लई शुद्ध बोलत असतील. त्याचं तोंडच उघडायचं न्हाई."

"जालन्यातच राजानंद सर आहेत. मूळचे हसनाबादचे. ते आधी काही विचारत नाहीत. समोरचा बोलेपर्यंत नुसते बसून राहतात."

"हां. हा माणूस बराबर हाय." पहिल्यांदाच त्याचे खांदे सैलावले. "समजावणारा नको. बसणारा पाहिजे."

"गुरुवारी चारला, इथेच. मिथुनला सांगाल ना?"

"मला न्हाई जमणार. तुम्ही निरोप धाडा. जल्दी." तो वळला, पुन्हा थांबला. "आन् एवढं सांगा त्याला. दोन्ही ठोके पडल्ते."

संध्याने द्वारकाबाईंकडून रोलिंगवर निरोप धाडला. मिथुन नावाचे तिथे कोणी नसणार, गुरुवारी हाच येणार, हे ती धरूनच चालली होती.

गुरुवारी दारात वेगळाच तरुण उभा राहिला. खोल गेलेले डोळे, काखेत न उघडलेला डबा.

"मी मिथुन. बोलवलं म्हणे."

संध्या खुर्चीतून उठली. दोस्त खरोखरच होता तर. "बसा. सर येतीलच. तुमच्या दोस्ताचा एक निरोप आहे. दोन्ही ठोके पडले होते."

डबा खाली पडला. मिथुन भिंतीला धरून हळूहळू खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

"हे कोण बोललं तुम्हाला?"

"नाव नाही विचारलं मी. तुमच्याबरोबर रोलिंगवर असतात ते. डावी भुवई जळालेले."

मिथुनने दारातून गेटच्या दिशेने पाहिले. मग अगदी हळू म्हणाला,

"तसा एकच होता, ताई. गेटवर त्याचंच बॅनर हाय."