अकरा खडे

अकरावा खडा निघाला. किटलीच्या वाफेवर धरलं की जुना सरस मऊ पडतो. मग चिमटा लावायचा, खडा बशीत ठेवायचा. वडिलांनीच लेकीला शिकवलेलं काम. आता ते त्यांच्याच कामावर चालवायची वेळ आली होती.

पुठ्ठ्याचा हा राजमुकुट वडिलांच्या हातचा शेवटचा; तो झाला आणि ते गेले. पुढे चार टिकल्या, त्याही नाइलाजाने लावल्यासारख्या. मागे मात्र लाल-हिरव्या खड्यांची नुसती दाटी. प्रेक्षक राजाची पाठ बघत नाहीत, हे नाटक कंपनीत चहा देणाऱ्यालाही कळतं. म्हाताऱ्याची नजर गेली, असं सगळे म्हणाले. काही जण कपाळाशी बोट फिरवून म्हणाले. आईसमोर मात्र कोणी विषय काढला नाही, लेकीनेही नाही. नवे दिग्दर्शक शिकलेले. त्यांनी 'तांत्रिक त्रुटी' असा सभ्य शब्द शोधला आणि खडे पुढे घ्यायला सांगितले. तीस वर्षं एक खडा वाकडा न बसवलेल्या माणसाची ही एकच चूक तेवढी लोकांच्या लक्षात राहिली होती. निदान ती पुसावी, म्हणून लेक हो म्हणाली.

सरसाच्या वासाबरोबर जुन्या दुपारी परत आल्या. वडील ओठांत चमक्या धरून काम करायचे, म्हणून गप्प असायचे. चमक्या नसल्या तरी गप्पच असतात, असं आई म्हणायची. राजाचं काम करणारे काका सिंहासनावर टेकले की संवाद विसरायचे. त्यामुळे आई सिंहासनाच्या पाठीमागे, पडद्याच्या फटीशी स्टूल टाकून वही वाचायची. बावीस वर्षं त्या राज्याचा कारभार तिने कुजबुजत चालवला.

"जेवायचं नाही का गं?" आई डबा घेऊन दारात उभी होती. तिची नजर बशीवर गेली. "हे काय चाललंय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"बाबांनी चुकून मागे लावलेत गं. पुढे घेतेय."

आईने डबा ठेवला. चष्मा चढवला. मुकुट दोन्ही हातांनी उचलून, पाठ स्वतःकडे करून, हात लांब करून धरला. अकरा रिकाम्या जागांवरून तिचं बोट सावकाश फिरलं. मग तिने सरसाची वाटी लेकीपुढे सरकवली.

"चुकून कशाला? मी बसायचे तिथून हीच पुढची बाजू."