पहिला पेला

"हे काय काय खातात, पितात, सगळं सांगा. काही लपवू नका," डॉक्टर विनयाबाई म्हणाल्या.

जोतीराम खाटेशेजारी उभा होता. खाटेवर त्याचे वस्ताद, रामहरी. पाय सुजून खांब झालेले, तोंडावरही सूज. ज्या माणसानं सणसरच्या तालमीत त्याला लंगोट बांधायला शिकवलं, त्याला आज जीपमध्ये उचलून घालून बारामतीला आणावं लागलं होतं. मूत्रपिंडं दमलीत, रक्तात क्रिएटिनिन फार वाढलंय, साखर जुनी आहे, असं बाई सांगत होत्या. साखरेचं वस्तादांनी तालमीत कुणाला कळू दिलं नव्हतं. जोतीरामचा बाप लहानपणीच गेलेला. बापाच्या जागी हा एकच माणूस होता.

त्यानं सांगायला सुरुवात केली. वस्ताद सुपारीच्या खांडालाही शिवत नाहीत. भाकरी, कालवण, झालंच तर ताक.

"आन् सकाळी माझ्या खुराकातला पहिला पेला त्यांचा. तालमीची रीतच हाय तशी."

हे सांगताना एवढ्या काळजीतही त्याची छाती फुगली. खुराक काय साधासुधा नव्हता. दूध, बदाम, खसखस, आणि दिवाळीपासून पुण्याहून मागवलेली ताकदीची परदेशी पावडर. इंदापूरच्या मैदानात यंदा त्याची मोठी कुस्ती लागायची होती. मध्यंतरी वस्ताद दमल्यासारखे दिसू लागले, तसा त्यानं त्यांच्या पेल्यात चमचाभर जास्तच घालायचा परिपाठ ठेवला. भक्तीला माप कसलं!

डबा त्याच्या पिशवीतच होता. मुक्काम पडला तर खुराक चुकायला नको, म्हणून बहाद्दरानं तोही बरोबर आणला होता. बाईंनी डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं.

"यात क्रिएटिन आहे," त्या म्हणाल्या. "धडधाकट तरुणाला एक वेळ निभेल, तेही डॉक्टरला विचारून. पण ज्याची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत, त्यानं याला हात लावू नये. साखर, रक्तदाब असेल त्यानंही आधी तपासून घ्यावं. अंगात याचंच क्रिएटिनिन होतं, आणि ते गाळून टाकायचं काम मूत्रपिंडांचं. दमलेल्या बैलांच्या गाडीवर आणखी उसाच्या मोळ्या चढवल्यासारखं आहे हे."

जोतीरामला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. मैदानात ज्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, तो गडी भिंतीला टेकून मटकन खाली बसला. रोज सकाळी, आंघोळ करून, पाया पडून त्यानं स्वतःच्या हातानं तो पेला दिला होता. वर चमचाभर जास्त. बाई समजूत घालत होत्या, की मूळ दुखणं साखरेचं, पावडर आजपासून बंद करू, उपचारानं उतार पडेलही. त्यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरलं नाही.

बाई गेल्यावर त्यानं वस्तादांचे पाय धरले. सुजेत त्याची बोटं रुतली आणि खड्डे तसेच राहिले. त्याला रडू आवरेना.

"साखर हाय हे तुमाला ठावं व्हतं, वस्ताद. मग नको म्हणायचं व्हतं. जिवापरीस मानाचा पेला मोठा व्हय?"

वस्तादांनी डोळे उघडले. त्या अनोळखी डब्यावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. दूध-बदाम बास झालं, हे काय पांढरं आणलंस, म्हणून त्यांनी बजावलंही होतं. जोतीरामनं ते हसण्यावारी नेलं होतं. आता त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मानाचा न्हवं रं त्यो, जोत्या," ते म्हणाले. "पैलवानाच्या खुराकात इख आसलं, तर ते आधी वस्तादाला बाधावं, म्हून पहिला पेला वस्तादाचा."