तांब्याच्या गोळ्या

आबांनी पाचवी गोळी झाडली आणि त्यांची लेक कुंदा पुठ्ठ्याकडे धावत सुटली. "आबा, पाचही भोकं एका बशीत मावतील! तांब्याच्या गोळ्या शिशाइतक्याच सरळ जातात की!"

आबा वाकून रिकामी काडतुसं वेचू लागले.

परवान्यावर मारलेल्या रानडुकराचं जखमेजवळचं मांस हा काजूचा मान. डुक्कर अडवणाऱ्या या कुत्रीला आबा ते स्वतःच्या हातानं भरवायचे. गेल्या महिन्यात ती तडफडून गेली. मांसातल्या शिशाच्या कणांनी, असं गुरांचे डॉक्टर म्हणाले. कुंदा तर वर्षभर तांब्याच्या गोळ्यांसाठी मागे लागली होती, पण "तांब्याला नेम नसतो गं, शहाणे," म्हणत आबांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

"पुरे ना आता?" कुंदानं विचारलं.

आबांनी पुन्हा बंदूक भरली. "बाजूला हो. एखादी तरी चुकू दे."