हिरव्या भाजीचा उपयोग

धानोऱ्याकडच्या एका शाळेला पोषणाच्या परसबागेसाठी निधी मिळाला. दिव्यानीच्या वर्गानं हापशीचं पाणी वाहून वाहून पालक-मेथी स्वतःपेक्षा बाळसेदार केली.

"आज खिचडीत टाकता का?" तिनं स्वयंपाक करणाऱ्या आशाबाईंना विचारलं.

"हात नोको लावू, पोरी. निधीवाले पाहुणे येऊन राह्यले."

पाहुणे आले. हाराऐवजी भाजीची टोपली देऊन त्यांचं स्वागत झालं, फोटो निघाले आणि टोपली गाडीत बसून गेली. मेथी पुन्हा वाढली, तर दुसरे पाहुणे आले. पोरांच्या ताटात आपली तीच पिवळी खिचडी.

यावेळच्या साहेबांनी टोपली कवेत घेऊन दिव्यानीला लाडानं विचारलं, "सांग बेटा, हिरव्या भाजीनं काय होतं?"



"पाहुणे येतेत, सर."