डावा गुडघा

खोपटच्या चौकात स्कूटरवरून घसरून सलिलचे दोन्ही गुडघे सोलवटले आणि त्याची बायको कादंबरी चक्क खूश झाली. दगडीपाला या रानवनस्पतीच्या रसाने जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि जखम लवकर भरते, यावर ती सहा वर्षं पीएचडी करत होती. पण प्रयोगांची गाडी काही उंदरांच्या पुढे सरकत नव्हती.

"उजव्याला माझं मलम, डाव्याला काहीच नाही. तरच फरक कळेल," ती म्हणाली.

"अगं, मला विचारशील की नाही?"

"उंदरांना विचारलेलं का?"

रोज सकाळी ती उजव्या गुडघ्याला मलम लावायची, फूटपट्टी धरून दोन्हींचे फोटो काढायची आणि लॅबला पळायची. आठव्या दिवशी दोन्ही गुडघे अगदी सारखेच बरे झाले. म्हणजे मलमाचा उपयोग शून्य! कादंबरी डबी हातात धरून मुसमुसायला लागली, तशा सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.



"रडतेस काय वेडे? तू रोज घाईत एकाच गुडघ्याला लावून पळायचीस. दुपारी हा झोपला की दुसऱ्याला मी लावत होते ना, त्याच डबीतलं!"